'ट्रायल'च्या नावाखाली

"एक ट्रायल मारून बघ, मग सिक्वेन्स लाव." औषधांच्या कारखान्यांतल्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाच्या, लॅबमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं इतक्या सहज बोललं गेलंय की त्यात काही वावगं आहे असं नव्याने रुजू झालेल्या पोराला वाटूच नये. सांगणारा सीनियर असतो. त्याच्या आवाजात दमदाटी नसते, उलट काळजीच असते: पोरगं नवीन आहे, उगाच ओओएस येऊन अडकायला नको. ओओएस म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेरचा निकाल. तो आला की चौकशी, फॉर्म, सह्या, अडकलेली बॅच आणि वरून बोलणी. हे सगळं टाळायचा सोपा उपाय म्हणून ट्रायल. आपल्या औषधउद्योगात सगळ्यात जास्त पचलेलं खोटं हेच आहे असं मला वाटतं, आणि ते खोटं आहे हे अजून पुरतं आपल्या गळी उतरलेलं नाही.

आधी ट्रायल ज्यावर मारतात ते यंत्र लावतात कसं ते सांगायला हवं, कारण बचाव सगळा तिथेच दडलेला आहे. यंत्र म्हणजे एचपीएलसी, द्रव क्रोमॅटोग्राफीचं. गोळीची पूड द्रावणात विरघळवून त्यातले दहा-वीस मायक्रोलिटर कॉलममध्ये सोडायचे. आतल्या बारीक कणांशी प्रत्येक घटकाची सलगी कमी-जास्त असते, त्यामुळे घटक एकामागून एक बाहेर पडतात, आणि डिटेक्टर प्रत्येकाची नोंद उंचवट्याच्या रूपात, म्हणजे पीक म्हणून, काढतो. पानांमधली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून वेगळी करणाऱ्या मिखाईल त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात जे केलं त्याचंच हे आजचं, पंप आणि संगणक लावलेलं रूप.

लॅबमधली सकाळ मोबाईल फेजने सुरू होते. फॉस्फेट बफर असेल तर क्षार वजन करून पाण्यात विरघळवायचा, पीएच लावायचा, तोही असेटोनायट्राइल मिसळण्याआधी, कारण सेंद्रिय द्रावक पडल्यावर मीटर दाखवतो त्या आकड्यावर विसंबता येत नाही. मग 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळायचं, सोनिकेटरमध्ये ठेवून विरघळलेली हवा काढायची. कॉलम मिथेनॉल किंवा असेटोनायट्राइलमध्ये साठवलेला असतो. त्यावर थेट बफर सोडला तर क्षार आतच साकळतात आणि प्रेशर चढतं, म्हणून तो आधी पाणी मिसळलेल्या मिथेनॉलने धुवायचा. कॉलमवरच्या बाणाची दिशा बघून तो जोडायचा, फिटिंगला टिश्यू पेपर टेकवून गळत नाही ना ते पाहायचं, पंप पर्ज करून बुडबुडे घालवायचे, मिनिटाला 1 मिलिलिटर असा प्रवाह सोडायचा. आणि थांबायचं. 250 मिलिमीटर लांब, 4.6 मिलिमीटर व्यासाच्या कॉलमला स्थिरावायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. प्रेशरचा आकडा एका जागी थांबतो, बेसलाईन वरखाली करायची थांबते, तेव्हा यंत्र तयार.

तयार आहे हे मानायचं कशावरून? त्यासाठी सिस्टिम सुटेबिलिटी असते. आधी ब्लँक, म्हणजे औषध नसलेलं द्रावक. मग स्टँडर्ड, म्हणजे ज्याची शुद्धता आधीच ठाऊक आहे असं औषध, बहुधा पाच वेळा. पाचही पीकच्या क्षेत्रफळांतला फरक साधारणपणे 2.0 टक्क्यांच्या आत हवा, पीकला शेपूट फार नको, कॉलमची कार्यक्षमता ठरलेल्या आकड्याखाली उतरलेली नको. हे सगळं बसलं तरच बॅचचे नमुने.

म्हणजे यंत्र ठीक चाललंय की नाही हे कळायची पूर्ण सोय पद्धतीतच आहे. तिला बॅचच्या नमुन्याची गरज नाही. ट्रायल नेमकी यंत्राची तयारी आणि बॅचचे नमुने या दोन पायऱ्यांच्या मधे घुसते. यंत्र तयार झालं की सुटेबिलिटीच्या आधी किंवा नंतर ज्या बॅचचा निकाल द्यायचा आहे तिचीच व्हायल ट्रेमध्ये ठेवायची, 'टेस्ट', 'डेमो', 'एबीसी' असल्या नावाच्या फोल्डरमध्ये एक इंजेक्शन मारायचं आणि काय येतंय ते बघून घ्यायचं. लॉगबुकात नोंद नाही, सिक्वेन्समध्ये, म्हणजे इंजेक्शनांच्या रीतसर यादीत, नाव नाही. चांगलं आलं तर तोच नमुना 'पहिल्यांदा' म्हणून रीतसर लावायचा. पेपर आदल्या रात्री फोडून सकाळी शांत चेहऱ्याने परीक्षेला बसावं, त्यातला हा प्रकार. पेपरफुटीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्या महाराष्ट्रात याच्याविरुद्ध ओरड होत नाही, कारण हा पेपर कोणी फोडला हे गोळी घेणाऱ्याला कधी कळत नाही.

वाईट आलं तर काय होतं ते जरा जवळून पाहू. समजा गोळीत लेबलवर लिहिलेल्या औषधाच्या 95 ते 105 टक्के औषध असायला हवं, आणि ट्रायलमध्ये आलं 94.1. हा निकाल कोणी पाहिलेलाच नाही, असं आता सगळ्यांनी मिळून ठरवायचं. उत्तर काढायच्या सूत्रात नमुन्याच्या पीकला स्टँडर्डच्या पीकने भागतात. स्टँडर्ड प्रत्यक्षात दोन टक्के कमी टाकलं आणि वहीत पूर्ण वजन लिहिलं, की भाजक लहान होतो आणि 94.1 चे 96.0 होतात. बॅच पास. ना गोळी बदलली, ना यंत्र बिघडलं, क्रोमॅटोग्रामवर एक रेघही वाकडी नाही. अशुद्धीच्या चाचणीत तर एवढाही खटाटोप नको. पीकच्या पायथ्याशी संगणक जी रेघ ओढतो ती माऊसने थोडी वर सरकवायची, मर्यादा 0.2 टक्के असेल तर 0.23 चे 0.19 व्हायला अर्धा मिनिट लागतो. हाताने इंटिग्रेशन करणं मुळात पाप नाही, कधीकधी ते करावंच लागतं. पण कारण न लिहिता, आणि निकाल बघून झाल्यावर केलेलं इंटिग्रेशन म्हणजे निव्वळ खाडाखोड.

बचाव ठरलेला असतो: "आम्ही नमुना तपासत नव्हतो, मशीन बघत होतो." यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये डेटाच्या सचोटीविषयी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात सरळ उत्तर आहे. यंत्राची योग्यता स्टँडर्डने तपासा. प्रत्यक्ष नमुनाच वापरायचा असेल तर तो नीट पारखलेला दुय्यम स्टँडर्ड असावा, त्याची लेखी पद्धत असावी, आणि तो आज तपासायच्या बॅचमधला नसावा. या शेवटच्या अटीने सगळा बचाव कोसळतो. मशीनच बघायचं होतं ना? मग दुसऱ्या बॅचचा नमुना का नाही घेतला? या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं, कारण मशीन कोणी बघत नसतंच.

दुसरं एक गाऱ्हाणं जरा जोरात ऐकू येतं: हे गोऱ्यांचे नियम आहेत, आपला स्वस्त औषधांचा धंदा बसवायला केलेले. 2013 पासून पुढची काही वर्षं भारतीय कारखान्यांना या प्रशासनाकडून जी इशारापत्रं आली त्यांत ट्रायल इंजेक्शनचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला, महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या पत्रांतही आला, तेव्हा हे गाऱ्हाणं देशभक्तीच्या थाटात मांडलं गेलं. इतिहास वेगळा आहे. पास होईपर्यंत तपासत राहण्याच्या सवयीवर आसूड ओढला गेला तो 1993 मध्ये, न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात, आणि समोर उभी होती बार लॅबोरेटरीज ही अमेरिकन कंपनी. 2005 मध्ये न्यू जर्सीतल्याच एबल लॅबोरेटरीजने आपली झाडून सगळी औषधं बाजारातून परत घेतली आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं. कागदावरचे निकाल स्वच्छ होते. संगणकातल्या मूळ नोंदी उघडल्यावर वेगळंच चित्र दिसलं. खोटं बोलायला भारतीय असावं लागत नाही. उघडं पडल्यावर देशाचं नाव पुढे करायची खोड मात्र आपण चांगली जोपासली आहे.

या गाऱ्हाण्यात आणखी एक लबाडी आहे. परदेशी तपासनीस परदेशी जाणाऱ्या मालासाठी येतो. धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या गोळीसाठी कोण येतं? 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले ते डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय आणि औषध प्रशासनापर्यंत सगळ्या साखळीची लक्तरं वेशीवर टांगली. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 2025 मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, आणि त्या बाटलीत सापडलेलं विष तेच. त्याची मर्यादा 0.1 टक्के, बाटलीत निघालं 48.6. तिथे द्रव नाही, वायू क्रोमॅटोग्राफी लागते, हे मला माहीत आहे, आणि तिथला प्रश्न ट्रायलचा नव्हता, तपासणीच धड न होण्याचा होता. तरी दोन्हींचं मूळ एकच: निकाल ही फाईलमध्ये लागणारी गोष्ट मानली जाते, आणि फाईल भरली की काम झालं.

आता ट्रायलचा दोष कोणाचा? पकडलं गेलं की अ‍ॅनालिस्टला काढतात. कंत्राटावरचा, तुटपुंज्या पगाराचा, वाळूजला चार जणांत एक खोली घेऊन राहणारा पोरगा. नोटीस त्याला, चौकशी त्याची, आणि वर अहवालात लिहायचं की 'वैयक्तिक गैरवर्तन', पुन्हा प्रशिक्षण दिलं. मला यात त्या पोराची सुटका करायची नाही. व्हायल त्याच्याच हातात होती. पण महिनाअखेरीला संध्याकाळी सात वाजता प्रॉडक्शनचा, डिस्पॅचचा आणि प्लँट हेडचा असे तीन फोन एकामागून एक येतात तेव्हा त्यांतला प्रश्न कान देऊन ऐकावा. "रिझल्ट काय आला?" असं कोणी विचारत नाही. "रिझल्ट आला का?" असं विचारतात, आणि 'आला' म्हणजे पास झाला हे सगळे धरूनच चालतात. "सर, आला, पण बाहेर आला" हे वाक्य बोलायला त्या वेळी जी छाती लागते ती बावीस वर्षांच्या मुलाकडून मागायची, आणि पन्नाशीच्या साहेबाकडून मागायची नाही, हा कुठला न्याय?

वरिष्ठांपुढे नकोसं खरं बोलायची आपल्याकडे रीत नाही. घरात नाही, शाळेत नाही, मग कचेरीत कुठून येणार? सत्यशोधकांचा वारसा आपण भाषणांत सांगतो. पण सत्य शोधणं म्हणजे आधी ठाऊक नसलेलं उत्तर स्वीकारायची तयारी, आणि ही तयारी आपण मुलांच्या अंगी बाणू देत नाही. उलट ती पद्धतशीर मोडून काढतो. कुठे, तर बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला.

ज्याने बारावी सायन्स केलंय त्याला हे दृश्य सांगायला नको. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क. आधी पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, आणि त्यांतून कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे सीबीआर. बाई फेरी मारून गेल्या की बाकाबाकांवरून कुजबूज: "सीबीआर किती?" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं 9.8 आलेलं असतं. दहा मिनिटांत सगळ्या वर्गाचं 9.8 येतं, तीनही वेळा, दशांशाचासुद्धा फरक नाही. ज्याचं प्रामाणिकपणे 10.3 आलं तो घाबरतो, ब्युरेटला दोष देतो आणि शेवटी 9.8 लिहितो. बाई सही करतात. त्यांना ठाऊक असतं. मुलांना ठाऊक असतं की बाईंना ठाऊक आहे. चाळीस मुलांची तीन-तीन रीडिंग तंतोतंत सारखी येणं हे विज्ञानात अशक्य आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे उत्तम प्रॅक्टिकलचं लक्षण.

पुढे बी. फार्म.ला, बी. एस्सी.ला हीच कला परिपक्व होते. आलेखाच्या कागदावर आधी रेघ मारायची, मग तिच्या आजूबाजूला बिंदू पेरायचे. एखाददुसरा जाणूनबुजून जरा बाजूला, म्हणजे खरं वाटेल. उत्तर पुस्तकातून घ्यायचं आणि त्यावरून उलटं गणित करून रीडिंग काढायची. याला मुलं 'रीडिंग बसवणं' म्हणतात, आणि सीनियरची जर्नल ज्युनियरकडे जाते ती याच कामासाठी. आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. प्रयोग करताना आकडे लिहायची रफ वही असते, तिच्यावर डाग पडलेले, खाडाखोड झालेली. घरी जाऊन ती फेअर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायची, आणि रफ वही वर्षअखेरीला रद्दीत. म्हणजे पहिली, खरी नोंद फेकायची, आणि मागाहून लिहिलेल्या सुंदर नोंदीला गुण मिळवायचे. औषधउद्योगातला सगळ्यात पहिला नियम याच्या बरोबर उलट आहे: जे जेव्हा घडलं ते तेव्हाच लिहा, पहिली नोंद जपा, चूक झाली तर एक रेघ मारून सही-तारीख घाला. पाच-सहा वर्षं उलटं शिकवून झाल्यावर पहिल्या दिवशी दोन तासांच्या प्रशिक्षणात हा नियम सांगायचा, हजेरीपटावर सही घ्यायची, आणि मुलगा तो पाळेल अशी अपेक्षा धरायची!

त्यामुळे नुसतं यंत्र कडक करून भागत नाही. आता संगणकात ऑडिट ट्रेल असतो. कोणी, कधी, काय केलं याची नोंद आपोआप राहते. तर मग ऑडिट ट्रेल बंद ठेवणं, सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरणं, संगणकाचं घड्याळ मागे फिरवणं, फाईली उडवणं हे सगळं झालं. तपासनीसांच्या अहवालांत ते नोंदलेलं आहे. ती वाट बुजवली की पुढची निघेल. डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम, सुधारलं, लहान उद्योगांना मुदतवाढही मिळाली, आणि चर्चा सगळी खर्चाची झाली: इतकं बांधकाम, इतकी यंत्रं, इतके लाख. खर्च खरा आहे. पण ट्रायल न मारायला एक पैसाही लागत नाही, आणि ट्रायल मारण्यात छोट्या शेडपेक्षा मोठे, काचेच्या इमारतींतले कारखानेच जास्त गाजले.

कारखान्यांत करण्यासारखं फार अवघड काही नाही. नमुन्याची व्हायल सुटेबिलिटी पास झाल्याची नोंद झाल्यावरच ट्रेमध्ये जावी. यंत्रात झालेलं प्रत्येक इंजेक्शन, अगदी कॉलम भिजवायला मारलेलंसुद्धा, मोजलं जावं आणि दर आठवड्याला क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या, माणसाने यंत्राचा आकडा आणि लॉगबुकाचा आकडा जुळवून पाहावा. जुळले नाहीत तर आधी सेक्शन हेडने उत्तर द्यावं, पोराने नंतर. ओओएस किती आले यावर लॅबचं वार्षिक मूल्यमापन करायची पद्धत आजच बंद व्हावी. वर्षभरात एकही ओओएस नाही असं अभिमानाने सांगणाऱ्या लॅबकडे मला संशयाने बघावंसं वाटतं. गोळ्यांच्या कारखान्यात कधी ना कधी वजन हुकतं, मिश्रण नीट होत नाही, कच्चा माल ओलसर येतो. हे कधीच कोणाला सापडत नसेल तर तिथे शोधलंच जात नाही. आणि महिनाअखेरीचे ते फोन लॅबमध्ये येऊच नयेत. निकाल काय तो क्यूएकडून लेखी कळावा.

कॉलेजांचं काम याहून स्वस्त आहे, फक्त त्याला मास्तरांची जिद्द हवी. प्रत्येक बाकावर वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवलं की "सीबीआर किती?" हा प्रश्नच निरर्थक होतो, बाटलीवर नंबर घालायचे, उत्तरांची यादी शिक्षकाने आपल्या खिशात ठेवायची. लॅब असिस्टंटचा अर्धा तास जास्त जाईल. गुण उत्तराच्या अचूकपणाला थोडे आणि नोंदीला जास्त द्यावेत. ज्याचं रीडिंग भरकटलं पण का भरकटलं हे ज्याने शोधलं, ब्युरेटच्या तोटीत बुडबुडा राहिला होता हे लिहिलं, त्याला पूर्ण गुण मिळावेत. आणि बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत फेअर जर्नल चाळून झाल्यावर रफ वही मागावी. पहिल्या वर्षी ती बहुतेकांकडे नसेलच. त्या वर्षी कोणाला नापास करू नये. पुढच्या जूनपासून मात्र रफ वही पाहिल्याशिवाय शिक्षकांनी जर्नलवर सही करू नये.